तीनशे किलोचा साकव

मी, भिवा लक्ष्मण ओव्हाळ, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा पूर्वी कारखान्यात मेंटेनन्स फिटर व आता काही नाही, राहणार ओढ्याकाठची वस्ती, पिंपळठाण, चाकण पट्टा, जिल्हा पुणे, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि सकाळची गोळी घेऊन हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. दाब आहे तो रक्ताचा, आणि त्याचा दाखला डॉक्टरांनी सोबत जोडला आहे. याआधी मी कधी मृत्युपत्र केलेले नाही. अर्ज मात्र पुष्कळ केले, त्यामुळे या भाषेची सवय आहे.

माझी पत्नी कस्तुरा सहा वर्षांपूर्वी वारली. मला दोन अपत्ये. मुलगा प्रितम, आयटी कंपनीत नोकरी, राहणार ताथवडे. मुलगी योगिनी, जिला घरात आम्ही सोनू म्हणतो, आयटीआय झालेली फिटर, कुरुळीच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे आणि माझ्यापासून चार घरे सोडून राहते. दोघांवर माझी सारखीच माया आहे. खालची वाटणी सारखी दिसणार नाही, म्हणून हे आधीच लिहिले.

कलम १. साकवाबद्दल.

अशा कागदात आधी घर येते. माझ्या कागदात आधी साकव येतो, कारण त्याचा एक पाय माझ्या घरामागच्या पट्टीत रोवलेला आहे आणि मी गेल्यावर त्याचे काय, हीच मला काळजी आहे. बाकीचे सगळे त्यामागून.

आमच्या वस्तीच्या मागे ओढा आहे. पलीकडे कंपन्यांच्या बसचा थांबा, शाळा आणि दवाखाना. ओढा टाळून जायचे तर हायवेने तीन किलोमीटरचा वळसा, तोही ट्रेलरच्या चाकांना अंग चोरून. म्हणून सगळे दगडांवरून जायचे. २०१२ च्या जुलैत कस्तुरा पॅकिंगच्या कामाला निघालेली असताना त्या दगडांवरून पडली. गुडघ्याची वाटी फुटली. पुढे ती जगली तेवढे दिवस लंगडतच चालली.

मी अर्ज केला. तेव्हा ग्रामपंचायत होती. उत्तर आले, ‘निधी उपलब्ध होताच विचार करण्यात येईल.’ दुसऱ्या वर्षी आले, ‘आगामी अंदाजपत्रकात समाविष्ट करण्यात येईल.’ तिसऱ्या वर्षी मी उत्तराची वाट पाहिली नाही. कुदळवाडीच्या भंगारातून दोन लांब लोखंडी चॅनेल तुळयांसारखे आणले, वर चेकर प्लेटचा जाड पत्रा टाकला, दोन्ही बाजूंना पाइपचा कठडा केला आणि चार रविवारांत बावीस फुटांचा साकव उभा केला. त्यावरून पहिली कस्तुरा चालली. कठड्याला धरून मध्यापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहून खालच्या पाण्याकडे बघत राहिली. मान खाली घालून हसायची तिची सवय मला माहीत होती.

आता माझी चूक लिहितो. ती मी आजवर कोणत्याही अर्जात लिहिलेली नाही.

कारखान्यात कुठलाही जॉब पाटी लावल्याशिवाय वर्कशॉपबाहेर जात नाही. नंबर, क्षमता, वर्ष. एकतीस वर्षांची सवय. मी अॅल्युमिनियमची पट्टी घेतली, त्यावर अक्षरे ठोकली आणि कठड्याला चार स्क्रूंनी बसवली: ‘साकव क्र. १. वजनमर्यादा एका वेळी ३०० किलो. सन २०१४.’

कस्तुरा म्हणाली, “पाटी कशाला लावायलात? पुलाचं बारसं हाय का?”

“जॉब पुरा झाला की पाटी लागते.”

“आन् क्रमांक एक कशाला? दुसरा बांधायचाय व्हय?”

मी हसलो. ती बाई माझ्यापेक्षा शहाणी होती, हे लिहून ठेवायला मला कमीपणा वाटत नाही.

पुढे ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली. मालमत्तांची मोजणी निघाली. एक माणूस मोटरसायकलवर आला, पाटी वाचली, फोटो काढला आणि गेला. नगरपरिषदेच्या नोंदवहीत माझा साकव चढला: साकव क्रमांक एक, स्थिती चांगली. त्या दिवसापासून पक्क्या पुलासाठीच्या माझ्या प्रत्येक अर्जाला एकच उत्तर. ‘सदर ठिकाणी साकव अस्तित्वात असल्याने नवीन कामाची आवश्यकता दिसून येत नाही.’ आणि एकदा त्याच टपालात अतिक्रमण विभागाची नोटीस, की ओढ्यावरील विनापरवाना बांधकाम पंधरा दिवसांत स्वखर्चाने काढून टाकावे. एका टेबलाला साकव त्यांचा होता, दुसऱ्या टेबलाला माझा. मी दोन्ही कागद घेऊन गेलो तर दोन्ही टेबलांनी मला एकमेकांकडे पाठवले. मधे जेवणाची सुट्टी झाली.

एका वर्षी मात्र तरतूद खरोखर झाली होती. मी अंदाजपत्रकाच्या पुस्तकात स्वतः ओळ वाचली, बोट ठेवून दोनदा वाचली. वस्तीत पेढे वाटले. मार्च आला तेव्हा तो निधी ‘तातडीच्या कामाकडे’ वळवला होता. तातडीचे काम म्हणजे स्वागत कमान. आज गावात शिरताना दिव्यांची कमान आहे, आणि गावातून कामावर जायला माझे भंगार. मला याचा राग आला होता. अजून येतो. मेल्यावर तो कोणाला वाटून देता येत नाही, म्हणून इथे नुसता नोंदवतो. त्यानंतर निवडणुकाच झाल्या नाहीत आणि प्रशासक आले. सभा नाही म्हणून ठराव नाही, ठराव नाही म्हणून तरतूद नाही.

सगळेच वाईट होते असे मी म्हणणार नाही. निरंजन नावाचा एक तरुण इंजिनिअर बूट काढून ओढ्यात उतरला, खालून चॅनेल पाहिले आणि वर येऊन म्हणाला, “काका, नोंदवहीत नसलेलं चढवणं सोपं असतं, चढलेलं उतरवणं अवघड. एक वाट आहे. मी साकव धोकादायक म्हणून लिहितो. मग जुना रद्द होईल आणि नवीन मागता येईल.”

“किती दिवसांत?”

“जुना रद्द त्याच दिवशी. पत्रे ठोकून वाट बंद करावी लागेल. नवीन...” तो पायाला लागलेला चिखल पुसत बसला. “दोन अंदाजपत्रकं तरी जातील, काका.”

मी त्याला म्हणालो, लिहू नकोस. पुढच्या महिन्यात त्याची बदली झाली. त्याला माझा आशीर्वाद.

पण त्याचे बोलणे डोक्यात राहिले. गेल्या वर्षी मी ठरवले, की आपणच कापून टाकू. साकवच नसला तर ‘अस्तित्वात असल्याने’ कसे लिहितील? गॅस कटर घेऊन सकाळी साडेसहाला जाऊन उभा राहिलो. नळी जोडली, ज्योत पेटवली. तेवढ्यात पहिल्या शिफ्टच्या बाया आल्या, हातात डबे. पुढे गोजाबाई, कॅन्टीनला चपात्या करणारी.

“मामा, सरका की जरा. बस गेली तर आर्धा दिवस जातोय.”

मी ज्योत बंद केली आणि सरकलो. त्या नेहमीसारख्या चार-चार करून गेल्या. वजनमर्यादेची पाटी नगरपरिषदेने वाचली आणि नोंदवहीत घातली. या बायांनी वाचली किंवा वाचून घेतली, आणि पाळली. त्या दिवसापासून मी कटरला हात लावलेला नाही.

साकव आता दहा वर्षांचा आहे. डावा चॅनेल खालून खाल्ला गेला आहे. दर मे महिन्यात मी पत्रे बदलतो, गंजाविरुद्ध रेड ऑक्साइडचा रंग मारतो. यंदा शिडीवर चढताना मला चक्कर आली, आणि म्हणून हा कागद.

कलम २. घर.

नमुना आठच्या उताऱ्यावर माझ्या नावे असलेले दीड गुंठ्यातील घर प्रितमला देतो, मागची नऊ फुटांची पट्टी सोडून. प्रितमने मला विचारले होते, “अप्पा, तुम्ही ताथवड्याला या. घर विकू. तुमच्या मागं तो पूल कोण सांभाळणार?” मला तेव्हा त्याचा राग आला आणि मी चार दिवस फोन उचलला नाही. प्रश्न बरोबर होता, बाळा. बरोबर होता म्हणूनच रागावलो. घर तू खुशाल वीक. बिल्डर नऊ फूट कमी मिळतात म्हणून भाव पाडेल. तेवढा तोटा बापाच्या नावाने सोस.

मागची पट्टी सोनूला देतो. तिच्यावरून जाण्यायेण्याची वाट सर्वांना खुली राहील. तिला दार, कुंपण वा कुलूप लावता येणार नाही. ही पट्टी मी हयातीत नगरपरिषदेला फुकट देऊ केली होती, पण स्वीकारायला ठराव लागतो आणि ठरावाला सभा. ज्या दिवशी नवीन पुलाचे काम जागेवर सुरू होईल, त्या दिवशी सोनूने पट्टी नगरपरिषदेच्या नावे करून द्यावी. नुसते नारळ फोडून फोटो काढले तर देऊ नये. खोदाईची मशीन आल्यावर द्यावी.

कलम ३. हत्यारे.

वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, पान्यांचा संच, कटर आणि माझी लहान हातोडी सोनूला. प्रितमला यातले काही नको, त्याला पाना दिला तर तो डावा-उजवा विचारतो. सोनू, तुला सगळे शिकवले आहे, तरी लिहितो. मे महिन्यात साकवाखाली जायचे आणि हातोडीने एकेक हात सोडून ठोकत जायचे. ठण्ण वाजले तर पुढे जा. बद्द आवाज आला तर तिथे गंज आत शिरला आहे, रंगावर जाऊ नकोस. डावा चॅनेल येत्या उन्हाळ्यात बदललाच पाहिजे. त्यासाठीचे लोखंड पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवले आहे. आणि एक, सणासुदीला सोबत मिळाली नाही तरी साकव बघायला एकटी जायचे नाही.

कलम ४. फाइल, पाटी आणि मारुतराव.

मारुतराव हे नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात लिपिक होते. ‘साकव अस्तित्वात असल्याने’ हे वाक्य त्यांच्या हातचे. तीन वर्षे मी त्यांना रामराम घातला नाही. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितले, आणि चालायला आमच्या बाजूला साकवाशिवाय वाट नाही. एके दिवशी मध्यावर समोरासमोर आलो. मी म्हणालो, “आता दिसला का अस्तित्वात?”

ते कठड्याला धरून उभे राहिले. “भिवाभाऊ, नोंदवहीत होतं ते लिहिलं. जागेवर कधी आलो नव्हतो.” मग पाटीकडे बघून म्हणाले, “आणि ही तुम्हीच लावलीत ना?”

मला हसू आले, त्यांनाही आले. तीन वर्षांचे वैर अशा ठिकाणी संपते असे वाटले नव्हते. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी चहाला येतात आणि साखर जास्त मागतात.

माझ्या अर्जांची फाइल, सर्व उत्तरांसह, मी मारुतरावांना देतो आणि त्यांनाच या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमतो. साकवावरची पाटी मी काल स्वतः काढली. ती फाइलीत पहिल्या पानावर बांधली आहे. मी याद्वारे जाहीर करतो, की सदर साकव नगरपरिषदेने बांधलेला नसून मी बांधला आहे, क्रमांक एक हा माझ्या मनाचा आहे, आणि पाटी लावण्याचा दोष माझा एकट्याचा आहे. मारुतरावांनी हे कलम जोडून नोंद रद्द करण्याचा अर्ज करावा. अट एकच. आधी नवीन पुलाचा कार्यादेश हातात यावा, मग जुना उतरवावा. मधे एकही दिवस वाट बंद राहता कामा नये. ते म्हणतात, असा क्रम नियमात नाही. मी म्हणालो, नोकरीभर तुम्ही नियमातून वाटा काढल्यात, ही एक वस्तीसाठी काढा. ते बरे म्हणाले आहेत.

कलम ५. किरकोळ.

कस्तुराची शिलाई मशीन गोजाबाईच्या सुनेला. बँकेत जे असेल ते दोन्ही मुलांना निम्मे. स्वागत कमानीवर माझ्या श्रद्धांजलीचा फलक कोणी लावू नये.

कलम ६. माझी अंत्ययात्रा.

स्मशान ओढ्यापलीकडे आहे. लोक प्रेमाने म्हणतील, अप्पांना त्यांच्या साकवावरून नेऊ. नेऊ नये. चार खांदेकरी, तिरडी आणि मी, अशी बेरीज मी वाण्याच्या काट्यावर उभा राहून केली आहे. ती तीनशेच्या वर जाते. शिवाय मागे माणसे चढतील, कोणी कोणाचे ऐकणार नाही, आणि डावा चॅनेल अजून बदललेला नसेल.

मला हायवेने न्या. तीन किलोमीटरचा वळसा पडेल, पडू द्या. मला कुठली बस पकडायची नाही. साकवावरून त्या वेळी कामावर जाणाऱ्या बाया जात असतील तर त्यांना थांबवू नका.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, आणि तो माझ्या मनासारखा आहे. दोन्ही साक्षीदार ओढ्यापलीकडून साकवावरून, एकामागून एक आले, आणि त्यांच्यासमोर मी सही करतो.

सही: भिवा लक्ष्मण ओव्हाळ

साक्षीदार १: मारुतराव, निवृत्त लिपिक, बांधकाम विभाग. ‘जागेवर येऊन, समक्ष पाहून सही केली.’

साक्षीदार २: गोजाबाई, कॅन्टीन कामगार, पहिली शिफ्ट सुटल्यावर. डाव्या हाताचा अंगठा.

स्थळ: पिंपळठाण, ओढ्याकाठची वस्ती
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४