कर्ण्यातला बोळा

शंकरप्पा, हे वाचायला घेण्याआधी चष्मा शोध. कपाळावर बघ आधी. वडिलांची तिथी, आईचं पत्र आणि सोलापूरची गाडी, तिन्ही विसरणारा मुलगा चष्मा तेवढा लक्षात ठेवील असं मला वाटत नाही. सापडला? आता वाच.

मी, कमलम्मा भ्रतार चनमल्लप्पा म्हेत्रे, वय सत्तरीच्या पुढे (किती पुढे ते माझ्या आईला ठाऊक होतं, ती गेली), धंदा घरकाम, राहणार बाळीवेस, सोलापूर, हे मृत्युपत्र कुणाच्या धाकाने वा भरीस पाडण्याने नव्हे, तर राजीखुशीने करून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि सात रस्त्यावर अर्ज लिहिणारे सिद्धनाथ लिहितात. त्यांनी माझी भाषा धुऊनपुसून घेतली आहे. जिथं मी धुऊ दिली नाही, तिथं ती तशीच दिसेल.

कलम १. बाळीवेशीतलं दोन खोल्यांचं घर, न्हाणी आणि माळवदासह, माझा मुलगा शंकरप्पा याला द्यावं. माळवद गळतं. ते गळणंही त्याचंच.

इथं सिद्धनाथ म्हणाले, "आजी, घराला अट घालता येती. पोरानं बापाचा कर्णा वाजिवला तरच घर त्याचं, असं लिहू का?" मी म्हटलं, "नगं. मग त्यो घरासाठी वाजवंल. तसला सूर मला नगं." कर्ण्याचं पुढं येतं आहे.

कलम २. पाटा-वरवंटा, तांब्याचा हंडा आणि माझी दोन्ही नवी लुगडी शेजारीण हेमावतीला द्यावीत. ती रोज दिवेलागणीला दारावर थाप मारून विचारते, "कमलव्वा, हाय का?" मी म्हणते, "हाय." पुष्कळदा दिवसभरात माझं बोलणं एवढंच होतं. एखाद्या दिवशी 'हाय' आलं नाही, तर पुढचं तीच बघेल.

कलम ३. कर्णा, म्हणजे तुझ्या वडिलांचं पितळी ट्रंपेट. हे मिलच्या बँडात शिकले आणि मग नाटक कंपनीत गेले. तू ऑफिसात 'वडील मिलमध्ये होते' एवढंच सांगतोस, सूनबाई बोलून गेली. खोटं नाही ते, अर्धं आहे. उरलेलं अर्धं इथं घालते, कारण स्टँपाचा कागद तू टाकून देणार नाहीस.

नाटकात वाजवणाऱ्यांची जागा रंगमंचापुढच्या खड्ड्यात. वर राजा, राणी, दिवे. खाली पायपेटी, तबला आणि टोकाला हे. वरची धूळ, फुलं, गाणाऱ्याची थुंकी, सगळं यांच्या टोपीवर. कर्ण्याचा आवाज मोठा आणि गाणाऱ्याचा गळा नाजूक, म्हणून मालकाची पहिल्या दिवसापासून ताकीद, दाबून वाजवा. माझ्या जुन्या इरकली लुगड्याचा मी बोळा करून दिला. तो कर्ण्याच्या तोंडात कोंबून यांनी उभा जन्म वाजवलं. दाबून वाजवायला दम जास्त लागतो, पण ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस फुंकतच नाही.

आणि वाजवायचं तरी किती? तास तास गप्प बसायचं, आणि राजा आत येताना एकदम वरचा सूर लावायचा. तोवर पितळ गार, ओठ गार, आणि गार पितळातून सूर उतरलेला निघतो. म्हणून फुंकायची तोटी हे मुठीत धरून बसायचे, कोंबडीनं अंडं धरावं तशी. त्यात लोकांनी वन्समोर दिला की गाणं परत पहिल्यापासून, राजा परत आत, मूठ परत बंद.

चटणीनं ओठ सुजतात, कडक भाकरीनं हिरडी सोलवटते. सोलापुरात राहून हा माणूस खेळाच्या दिवशी दूधभाकरी खायचा. त्यांच्यासमोर मी चटणी कशी खाऊ? मीही दूधभाकरीच.

मी बायकांच्या बाजूला बसायची. तिथून राजा दिसायचा, राणी दिसायची, तुझ्या वडिलांची फक्त टोपी दिसायची. टोपी मागं कलली की मी समजायची, आता कर्णा येणार. आणि त्यांना खड्ड्यातून नाटक दिसायचंच नाही. वर्षानुवर्षं एक नाटक वाजवलं, पण त्यातला राजा मरतो कसा ते माहीत नाही. घरी आले की अंथरुणावर टेकून विचारायचे, "अगं, आज कसा मेला?" मग मी लाटणं घेऊन मरून दाखवायची.

"काल तर डाव्या अंगाला पडला म्हनलीस की."

"आज उजव्या. डावीकडं प्रधानाचा पाय हुता."

मग हसत बसायचे. आताही मी पुष्कळ बघते, गल्लीत कोण भांडलं, कोण घसरून पडलं. कसं पडलं, असं विचारणारं कुणी नाही.

कलम ४. खड्ड्यात यांच्या शेजारी पायपेटी वाजवणारे पंचाक्षरी मास्तर, यांना माझ्याकडून काहीही नाही. ज्याला काही मिळणार नाही तो साक्षीदार बरा, असं सिद्धनाथ म्हणाले, म्हणून मास्तर आज माझ्या समोर बसून हे ऐकत आहेत. ऐकू देत.

यांचे पुढचे दात गेले. दाताविना कर्ण्याला टेकू नाही. एका दुपारच्या खेळात राजा आत आला आणि यांचा सूर फुटला. लोक हसायच्या आत मास्तरांनी पेटीवर जोरात हात टाकला आणि तो सूर बुडवला. पुढच्या खेळालाही तसंच. मग रोजच. राजा आला की पेटी मोठी व्हायची. मला टोपी मागं कललेली दिसायची, कर्णा ऐकू यायचा नाही. हंगाम संपला तशी यांनी कर्णा खुंटीला लावला आणि मरेपर्यंत काढला नाही.

आत्ता मास्तर म्हणाले, "कमलम्मा, त्याची लाज झाकली मी. लोक हसलं असतं."

"हसू द्यायचं हुतं की. हसन्याआधी ऐकलं तरी असतं."

हे लिहू का, असं सिद्धनाथ विचारतात. लिहा म्हटलं.

कलम ५. आपल्या लिंगायतांत गेलेल्याला निजवत नाहीत, रुद्रभूमीत खड्डा करून मांडी घालून बसवतात. तुझ्या वडिलांना बसवताना मला हसू आलं होतं. बायकांना वाटलं, हुंदका. जन्मभर खड्ड्यात बसलेला माणूस, पुन्हा खड्ड्यातच, आणि या खेपेला टोपीसुद्धा दिसेना. तू पोचलास तेव्हा माती लोटून झाली होती.

मला त्यांच्या शेजारी बसवावं. आणि माझ्यावर माती लोटण्याआधी, शंकरप्पा, तू कर्णा वाजवावास. तुला येतो. माळवदावर बसवून त्यांनी तुला राजा आत येतानाचा तेवढा सूर शिकवला होता. तेव्हाही शेजाऱ्यांसाठी बोळा घातलेलाच असायचा. तो बोळा काढ. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी तो कर्णा मोकळा कधी ऐकला नाही. तेव्हाही ऐकणार नाही म्हणा, पण शेजारी ते असतील. तोटी माझ्या कमरेच्या पिशवीत आहे. ती आधी मुठीत धरून ऊब दे. सूर फुटला तर फुटू दे. पंचाक्षरी मास्तरांनी यावं, पण पेटी आणू नये. त्या दिवशी झाकायला कुणी नको.

वाजवलास तर कर्णा तुझा. लाज वाटली, जमलं नाही किंवा गाडी चुकली, तर बोळा आहे तसाच ठेवून कर्णा माझ्या मांडीवर द्यावा. आम्ही दोघं गप्प बसू. सवय आहे.

वरचा सगळा मजकूर मला वाचून दाखवला. मी बोलले तेच आहे, फक्त जास्त शहाण्या बाईनं बोलल्यासारखं वाटतं. कबूल म्हणून अंगठा उठवते.

कमलम्मा भ्रतार चनमल्लप्पा म्हेत्रे, हिची निशाणी अंगठा

साक्षीदार:
१. पंचाक्षरी, पायपेटी मास्तर (सही)
२. वीरभद्रप्पा, किराणा दुकानदार, बाळीवेस (सही)

लिहिणार: सिद्धनाथ, सात रस्ता
ठिकाण: सोलापूर. तारीख: १९ नोव्हेंबर १९७४

अंगठ्याची शाई पुसताना आठवलं. मुलाला विसरभोळा म्हणणारी मीच विसरले होते, म्हणून सर्वांदेखत खाली लिहवून घेते. मला बसवाल त्या दिवशी या घरात चूल पेटणार नाही. हेमावतीनं शंकरप्पाला सकाळी दूधभाकरी पाठवावी, चटणी ताटाजवळही नको. वाजवून झालं की कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दही पाठवावं. नाही वाजवला, तरी पाठवावं. लांबून आलेला असेल.