परतीचा निरोप

बाई,

काल मी पुन्हा खोटं बोललो. सत्तरीला टेकलेला माणूस, दोन नातवंडांचा आजोबा, आणि भर दुपारी वीस माणसांसमोर खोटं बोललो. तेही तुमचा नियम शिकवताना.

आपल्या हौशी रेडिओ क्लबचा सराव होता. नाशिक रोडच्या शाळेच्या मैदानावर, दारणेला पूर आलाय आणि फोन बंद पडलेत असं धरून. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असतो, लोक हसतात आम्हाला, पण वीस जण आले. तुमचा सेट उचलायला दोन माणसं लागायची. आता मुठीत मावतात. निरोपाचा कागद मात्र तुम्ही आखलात तोच चालतो. वर उजवीकडे तोच रकाना, शब्द किती. पाठवणारा आकडा सांगणार, घेणारा मोजणार, जुळला तरच मिळाला म्हणायचं. क्लबात एक नवी बाई आली आहे, दवाखान्यात नर्स आहे, हुशार आहे. तिला सरावाचा निरोप आला, घरातला माणूस मयत झाल्याचा. तिनं पोचवताना सांगितलं, ‘सिरियस आहेत, तुम्ही या.’ मी सगळ्यांसमोर तिला थांबवलं. ती म्हणाली, “काका, असं धाडकन कसं सांगायचं हो? आम्ही वॉर्डात नाही सांगत असं.” मी म्हटलं, “वॉर्डात तुमच्यामागं डॉक्टर उभा असतो. इथं तुमच्यामागं कुणी नाही. पदरचं मीठ घालायचं नाही.” ती जरा दुखावली. म्हणाली, “तुमच्याकडनं कधीच नाही झालं?” मी म्हटलं, “नाही.” मागून कुणीतरी म्हणालं, “काकांचं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!” आणि सगळे हसले. मीसुद्धा.

घरी आल्यापासून जेवण गोड लागलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसलोय.

पदरचं मीठ हा शब्द तुमचा. तुमच्या स्वयंपाकघरातला. मी सातवी शिकलेला, स्टेशनसमोर जिन्याखाली रेडिओ दुरुस्तीचं खोपटं घेऊन बसलेला, आणि तुम्ही मुलींच्या शाळेत सायन्सच्या बाई. एका तुटक्या कॉइलपायी दुकानात आलात आणि मी ती जुळवत असताना म्हणालात, “हात चांगला आहे. लायसनची परीक्षा का देत नाही?” मी म्हटलं, इंग्रजी येत नाही. तुम्ही म्हणालात, “रेडिओला तरी कुठं येतं?” तेव्हापासून मी तुमचा ‘कारागीर’. नावानं तुम्ही मला कधी हाक मारलीच नाहीत. ओट्याच्या एका टोकाला शेगडी, दुसऱ्या टोकाला सेट, खिडकीतून निघालेली तार शेजाऱ्याच्या शेवग्याला बांधलेली. कॉइल लाटण्यावर गुंडाळायची आणि त्याच लाटण्यानं पोळ्या. टिंब-रेघांची भाषा तुम्ही मला उलथन्यानं तव्यावर वाजवून शिकवलीत. अक्षर चुकलं की म्हणायचात, “पोळी करपली, पुन्हा.” अजूनही कुणाच्या घरी तव्यावर उलथनं वाजलं की माझे कान आपोआप अक्षरं जुळवायला लागतात.

तुम्ही माझ्यावर ओरडलात ते एकदाच. श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीला आपण वाटेवर ठिकठिकाणी सेट घेऊन बसायचो. वरून निरोप आला, एक बाई चक्कर येऊन पडली आहे, स्ट्रेचर पाठवा. मी खाली सांगताना म्हटलं, एक बाई पडली आहे, बरी आहे, स्ट्रेचर पाठवा. स्ट्रेचरवाली पोरं चहा संपवून निवांत निघाली. ती बाई वाचली, ते तिचं नशीब. संध्याकाळी त्र्यंबकच्या स्टँडवर सगळ्यांदेखत तुम्ही विचारलंत, “बरी आहे हे कोण म्हणालं?” मी म्हटलं, “मला वाटलं, उगाच घाबरतील...” तुम्ही म्हणालात, “तुमचं वाटणं तुमच्या डब्यात ठेवा. निरोप्यानं पदरचं मीठ घालायचं नाही. लोकांना आपली माया नको असते, कारागीर, बातमी हवी असते.” मला तेव्हा तुम्ही फार कोरड्या वाटलात. आज वाटतं, कोरड्या असतात त्यांनाच नियम लागत नाहीत. तुम्हाला तो लागत होता.

मग मराठवाड्यात भूकंप झाला. तिकडचे फोन आडवे झाले. आपल्यातले दोघं सेट घेऊन तिकडच्या छावणीत गेले आणि नाशकाकडचे निरोप तुमच्या ओट्यावर उतरायला लागले. तुम्ही शाळेतून रजा टाकलीत. कानाला हेडफोन, पुढ्यात कागद, शेगडी बंद. मी लुना घेऊन दारोदार. चांगले निरोपही होते त्यात, ते विसरता कामा नये. तिसऱ्या दिवशी सकाळी एक निरोप आला. आवाज येत होता, जात होता, तुम्ही तीनदा म्हणवून घेतलात. ‘तुमची मुलगी वारली. मी सुखरूप. दहन उद्या दुपारपर्यंत थांबवतो. लगेच निघा.’ जावयानं सासू-सासऱ्यांना पाठवलेला. शब्द अकरा. तुम्ही बोटावर मोजलेत, वहीत उतरवलात, कागद माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, “हा आधी. पळा.”

मखमलाबादला मळा आहे. दसऱ्याचा झेंडू उभा आहे, पिवळा धमक. मी लुना बांधाला लावतो तर ती बाई ओच्यात फुलं घेऊन वाफ्यातून येते आहे. नवरा विहिरीवरच्या मोटारीशी खटपट करतोय. ती म्हणते, “या दादा, लय ऊन झालंय. आधी पाणी घ्या.” तांब्या देते. मी पाणी पितो. मी रेडिओवाला आहे, तिकडून निरोप आणलाय म्हणतो, आणि तिच्या ओच्यातली फुलं एकदम सगळी खाली सांडतात. “बरी हाय ना माझी लेक? दादा, बरी हाय ना?” कागद माझ्या हातात आहे. त्या दोघांना वाचता येत नाही. आणि बाई, मी म्हणतो, “बरी आहे. जरा लागलंय. दवाखान्यात आहे. तुम्ही लगेच निघा.”

एवढंच म्हणून थांबायचं होतं. पण खोट्याला पत्ता लागतो. नवऱ्यानं विचारलं, “कोन्त्या दवाखान्यात?” मी म्हटलं, सोलापूरला, मोठ्या. मला खरंच वाटलं होतं, एकदा निघू तर देत, तिकडं गेल्यावर कुणीतरी आपलं माणूस सांगेल, तेव्हा कुणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवायला मिळेल तिला. लेकीच्या गावाला जायच्या ऐवजी ती माणसं मी भलत्याच रस्त्याला लावली, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. कागद त्यांच्या हातात ठेवायचा हाही तुमचाच नियम. तो मी घडी करून खिशात घातला.

आणि मग परतीचा निरोप. तोही घ्यायचाच असतो. मी कोरा कागद काढला, सवयीनं. ती बाई डोळे पुसत म्हणाली, “तिला म्हणावं, घाबरू नको, आई येतेय.” मी ते लिहून घेतलं. माझ्या हातानं लिहिलं, बाई. मग ती आत पळाली, लेकीला मऊ भात चारायला म्हणून तुपाची बरणी घ्यायला, जखमेवर लागायला नको म्हणून जुनं मऊ लुगडं घ्यायला. या बांधाबांधीत दुपारची गाडी गेली. संध्याकाळची मिळाली, ती सोलापूरची.

तो परतीचा निरोप मी तुम्हाला देणार कसा? मेलेल्या मुलीला आईचा निरोप. तुम्ही पहिल्या शब्दाला मला धरलं असतंत. तुमच्या जिन्यात बसून मी दुसरा कागद लिहिला, ‘निरोप मिळाला. निघालो आहोत.’ शब्द चार. तुम्ही तो पाठवलात. आणि त्या चार शब्दांवर भरवसा ठेवून तिकडं जावई थांबला. दुपार झाली, लोक म्हणाले आता पुरे, तरी थांबला. बरोबरच्या सगळ्या चिता विझून गेल्यावर, दिवस मावळताना त्यानं एकट्यानं अग्नी दिला. आई-बाप तेव्हा सोलापूरच्या दवाखान्यात खाटेमागून खाट बघत हिंडत होते. दोन दिवस. प्रत्येक पांघरुणाखाली वाकून. तिसऱ्या दिवशी गावाकडच्या एका ओळखीच्यानं त्यांना खरं सांगितलं. तुपाची बरणी तिच्या हातातच होती म्हणतात.

हे मला कसं कळलं? तुमच्याच स्वयंपाकघरात. दोन-तीन महिन्यांनी जावई आला, सासूला घेऊन. तुम्ही मला दुकानातून बोलावून घेतलंत. तो उभा, ती दाराशी जमिनीवर बसलेली. तो म्हणाला, “तुमच्या स्टेशननं निघालोत असं कळवलं, आन् हे लोक आलेच नाहीत. आता म्हणतात, रेडिओवाल्यानं दवाखाना सांगितला.” ती म्हणाली, “ह्या दादांनीच सांगितलं. कागद बी दिला नाय यांनी.” तुम्ही वही काढलीत, अकरा शब्द त्याला वाचून दाखवलेत. मग माझ्याकडं वळलात. “कारागीर, तुम्ही काय सांगितलंत?”

मी म्हटलं, “वहीत आहे तेच. कागद दिला होता.”

तुम्ही म्हणालात, “माझा माणूस शब्द बदलत नाही.” किती सरळ म्हणालात. जावई सासूकडं बघून म्हणाला, “आई, आता तरी खरं बोला.” ती ओरडली नाही, रडली नाही. माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, “दादा, माझ्या घरचं पाणी पिला होता तुम्ही.” मग उठून पदर सावरत जिना उतरून गेली. जावई परत नाशकात आला नाही. तिच्या लेकीचं नाव घ्यायला नवऱ्याखेरीज जगात उरलेला तो एकच माणूस, तोही तिच्याशी बोलायचा बंद झाला. पुढं बरीच वर्षं ती गोदाकाठी फुलं घेऊन बसायची. मी पलीकडच्या गल्लीनं जायचो. आमच्या घरच्या गणपतीला झेंडू कधी आला नाही. बायकोला सांगितलं, मला वास सोसत नाही. बायकोही गेली आता, चार वर्षं झाली.

त्या दिवशी सगळे गेल्यावर तुम्ही टिंब-रेघा वाजवायची तुमची पितळी की, लाकडी पेटीसकट, माझ्या हातात ठेवलीत. “माझ्यामागं वाजवा.” मी घेतली. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

तुम्हाला संशय होता का? शेवटच्या आजारात मी पेज घेऊन आलो होतो. तुम्ही उशीला टेकून होतात, हात काटकुळे झालेले, बोटं मात्र चादरीवर टकटकत होती. मध्येच म्हणालात, “कारागीर, तो परतीचा निरोप चारच शब्दांचा कसा? आई माणूस चार शब्दांत थांबते का कधी?” मी म्हटलं, “घाईत होत्या बाई.” तुम्ही माझ्याकडं बघितलंत, फार वेळ. मग पेज अर्धी ठेवलीत आणि भिंतीकडं कूस वळवलीत. त्यानंतर आपण पावसापाण्याचंच बोललो. आठवड्यानं तुम्ही गेलात. क्लबनं तुमचं कॉलसाइन, तुमचं हवेवरचं नाव, तीनदा पुकारलं आणि मिनिटभर सगळे सेट गप्प ठेवले. पुकारायला मलाच बसवलं होतं, तुमचा माणूस म्हणून.

मी वाईट माणूस नव्हतो हो. पण तेवढं मला आयुष्यभर पुरलं नाही. द्वेषानं केलं असतं तर कधीतरी रागाच्या भरात बोलून टाकलं असतं. मायेनं केलं, म्हणून ते मांजरीनं पिल्लू दातात धरावं तसं धरून हिंडतोय. आणि एकाच वाक्यात, ‘चूक माझी आहे,’ एवढंच त्या ओट्यापाशी म्हटलं असतं, तर तुम्ही मला जिन्यावरून खाली ढकललं असतंत, आणि ती बाई खरी ठरून घरी गेली असती. हा सौदा मला तेव्हा महाग वाटला.

काल त्या नर्सबाईला ‘नाही’ म्हणताना मला तुमचा आवाज येईल असं वाटलं होतं. आला नाही. पुढच्या रविवारी तिला खरं सांगेन असं आत्ता ठरवतोय, पण माझ्या ठरवण्याचं काय, तुम्हाला ठाऊक आहे. जावई असेल अजून तिकडं. पत्ता काढायला आता एक फोन पुरतो. तोही मी केलेला नाही.

हा कागद तुमच्या पेटीतच ठेवतो, कीच्या खाली. तिथं आधीच एक आहे. तुमच्या जिन्यात मी तो फाडणार होतो, फाटला नाही. तिच्या बांधावर पेन्सिलीनं लिहिलेला, आता फिकट झालेला. आज चष्मा लावून पुन्हा काढला आणि इतक्या वर्षांत जो रकाना भरला नव्हता तो भरला. तिला, म्हणावं, घाबरू, नको, आई, येतेय. शब्द सहा. दोनदा मोजले बाई, बरोबर आहेत. पाठवल्याची वेळ, हा रकाना तेवढा कोरा ठेवलाय.