गाईडसाठी जागा

कसबा बावडा, कोल्हापूर
१२ जून २०२५

ती. आत्तीस,
संयोगिताचा सा. न. वि. वि.

फोनवर ओरडून माझा घसा बसतो आणि तुला ऐकू येतं ते भलतंच. मागं मी पेट पास झाले म्हटलं, तर तू गल्लीभर माझं पोट बिघडल्याचं सांगितलंस. कानाला मशीन लावायला तू तयार नाहीस, म्हणून हे पत्र.

तर पेट ही पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, आणि ती मी खरंच पास झालेय. विद्यापीठाची शिष्यवृत्तीही निघालीय. ती मिळाली तर पुढची सगळी वर्षं बाबांपुढं हात पसरायला नको. विषय आपल्या घरातलाच आहे. गुऱ्हाळावर काहिलीत उकळणारा उसाचा रस निवळायला रानभेंडी घालतात ना, ती नेमकं काय करते, आणि रासायनिक पावडरींऐवजी सगळीकडं तीच वापरता येईल का, हे मला शोधायचंय.

पण घोडं अडलंय ते गाईडपाशी. गाईड असल्याशिवाय अर्जच घेत नाहीत, आणि गाईड काही मिळेना. जिथं विचारावं तिथं जागा नाही म्हणतात. एका नव्या मॅडमकडं जमेल असं वाटलं होतं, त्यांनीही नंतर बघू म्हणून वाटेला लावलं.

इकडं बाबांनी कागलच्या एका कॉलेजात माझ्यासाठी नोकरी बघून ठेवलीय. तासिकेवर शिकवायचं, तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की घरी. त्यांचं म्हणणं, महिनाअखेरपर्यंत गाईडचं जमलं तर बरं, न्हाय तर गप कागलला जायाचं. आत्ती, एकदा त्या तासांच्या मागं लागले की संशोधन राहूनच जाणार. मला फार भीती वाटते गं.

तुझा लोभ आहेच, थोडा धीरही पाठव.
संयोगिता

मुरगूड
१८ जून २०२५

चि. संयोगितास,
चिमणाआत्तीचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. पोट ठीक आहे हे वाचून बरं वाटलं. शेजारच्या विठाबाईनं तुझ्यासाठी ओवा दिला होता, तो मीच खाल्ला.

एवढं थोरलं तुमचं विद्यापीठ आणि एक गाईड ठेवायला जागा नाही? मी लगेच पेठेत गेले. दुकानदारानं विचारलं, कितवीचं पायजे. म्हटलं, सगळ्यात वरचं काढ. तर बारावीच्या वरचं न्हाईच म्हणाला. तेव्हा बारावी सायन्सचं घेतलंय, उशीएवढं जाड आहे. दुधाच्या टेम्पोतून पाठवतेय. बांधावरची रानभेंडीही मुळांसकट दिलीय, तुझ्या त्या शोधाला होईल.

तुझ्या बाबाला, आकारामला, हे पत्र वाचायला दे. तो दहावीला होता तेव्हा आमच्या वडलांनी, आप्पांनी, त्याला कोल्हापूरहून गाईड आणून दिलं होतं. मी त्याची थोरली बहीण, सातवीत पहिली आलेली, पण मला घरी बसवलं. तो म्हशी सोडायला गेला की मी ते गाईड उघडून बसायची. एकदा आप्पांनी बघितलं आणि माळ्यावर टाकलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तुझ्या वेळी मी ते होऊ देणार नाही.

आणि त्या मॅडमकडं परत जा. लहानपणी तू लाडूसुद्धा असाच मागायचीस, असला तर दे, नसला तर राहू दे; आणि तुझा भाऊ ऋतुराज डबा रिकामा करायचा. मागायचं तर खणखणीत मागावं.

जेवत जा. माया आहे तशीच ठेव.
तुझी आत्ती

कसबा बावडा, कोल्हापूर
२१ जुलै २०२५

ती. आत्तीस,
सा. न. वि. वि.

आधी गोड बातमी. शिष्यवृत्ती मिळाली! आता कशी मिळाली ते ऐक, आणि रागावू नकोस. गाईड म्हणजे पुस्तक नव्हे गं. पीएच.डी.ला वाट दाखवणारे जे सर किंवा मॅडम असतात, त्यांनाच गाईड म्हणतात. त्यांनी ठरावीकच विद्यार्थी घ्यायचे असतात, म्हणून जागा नाही.

टेम्पोतून ते धूड उतरलं तेव्हा ऋतुराज आणि मी पोट धरून हसलो. बाबाही हसत होते. मग त्यांनी तुझं पत्र हातात घेतलं आणि दोनदा वाचलं. त्या दिवशी ते नीट जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता रसवंतीतून किटलीभर रस घेऊन आले आणि मला म्हणाले की, चल, गाडीवर बस, तुझ्या मॅडमकडं जाऊया.

पूर्णिमा मॅडमना मी सरळ सांगितलं की मला तुमच्याकडं जागा पाहिजे, आधी माझं काम बघा. त्यांच्या प्रयोगशाळेत रस दोन भांड्यांत उकळायला ठेवला आणि एकात तुझ्या रानभेंडीचा चिकट काढा घातला. त्यात मळी भराभर वर आली, खाली रस स्वच्छ. बाबा दारात रिकामी किटली धरून उभे होते, मॅडमपेक्षा तेच जास्त वाकून बघत होते.

तेवढ्यात मॅडमना माझ्या पिशवीतलं बारावीचं गाईड दिसलं. इथल्या दुकानदाराला दाखवून बदलता येईल म्हणून बरोबर घेतलं होतं. सगळी हकीकत सांगितली तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या की त्यांना गाईडची मान्यता नुकतीच मिळालीय, पहिलाच विद्यार्थी घ्यायची धास्ती होती, म्हणून त्या नंतर बघू म्हणाल्या होत्या. अर्जावर तिथल्या तिथं सही केली. पुढं मुलाखतही चांगली झाली.

कागलला बाबांनी स्वतःच नको म्हणून कळवलं. गाईड इथं कुणी बदलून देईना, ते टेम्पोतून परत पाठवतेय.

तुझ्या रागालोभाची कायमची धनी,
संयोगिता

मुरगूड
२८ जुलै २०२५

चि. संयोगितास,
अ. उ. आ.

पत्र वाचून पेढे वाटले. गाईड म्हणजे माणूस, हे आधी लिहायला तुझ्या पेनातली शाई संपली होती का? दुकानदार अजून मला बघून हसतोय.

परवा आकाराम येऊन गेला. लई वेळ जोत्यावर बसला. मग म्हणाला की, आक्का, ते दहावीचं गाईड माझ्यापेक्षा तुलाच जास्त पाठ होतं, हे मला तवाच ठावं हुतं. मला सगळं नीट ऐकू आलं.

आता माझं काम. बारावीचं गाईड दुकानदाराला परत देऊन मी दहावीचं घेतलंय. शाळेत चौकशीही केली. सतरा नंबरचा फॉर्म भरला की बाहेरून दहावीला बसता येतं, सातवी पासचा दाखला चालतो आणि वय कुणी विचारत नाही. मराठी, इतिहास मी बघून घेईन. पण इंग्रजी आणि गणित नुसत्या पुस्तकाच्या गाईडनं व्हायचं नाही, मला माणसातलं गाईड पाहिजे.

तर संशोधक बाई, मी खणखणीत मागते. तुमच्याकडं एक जागा आहे का? नंतर बघू म्हणायचं नाही.

उत्तराची वाट बघतेय.
तुमची पहिली विद्यार्थिनी,
चिमणाबाई