सुट्टीवरचा कोयता

प्रिय धनू,

आपल्या अख्ख्या गावात आता पत्र लिहिणारी मी एकटीच उरले, असं तुझे अण्णा म्हणतात. म्हणू देत. तू आजीजवळ राहून शाळा शिकत होतीस आणि आम्ही दोघं कारखान्यावर ऊस तोडायला जायचो, तेव्हापासूनची ही सवय आहे. खोपीत चुलीच्या उजेडात, मांडीवर ताट उपडं घालून मी तुला लिहायची आणि तू उलट टपाली माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढून पाठवायचीस. सातवी शिकलेल्या आईची केवढी ती परीक्षा! आजही चुका काढ, मला राग नाही. फोन आहे, तो रोज वाजतो, पण फोनवर तू 'सगळं बरंय' म्हणतेस, मी 'बरं बरं' म्हणते, आणि जावईबापूंचं, जीवनरावांचं, नाव काढलं की तुला नेमका कुणाचा तरी दुसरा फोन येतो. म्हणून म्हटलं, सुट्टीची हकिकत पत्रातच सांगावी. पत्रात दुसरा फोन येत नाही.

धारूरच्या घाटाजवळ शेतात राहायची खोली घेतलीय, जीवनला शाळेतून रजा नाही, मलाही कोर्टातलं काम सोडता येत नाही, तर वाया जाण्यापेक्षा तुम्ही दोघं जा, असं तू सांगितलंस. अण्णांना ते काही केल्या उमगेना. "सुट्टी कशाची? आमी कुठं कामाला हाव का?" असं दोन-तीनदा विचारून झालं. तू नोकरीला लागलीस आणि आमचा कोयता भिंतीला टांगला गेला, तेव्हापासून हा माणूस घरीच आहे. शेळ्या राखतो, पारावर बसतो. पण जायचं ठरल्यावर मात्र तुझ्या लग्नातला पांढरा शर्ट काढून, टोपी धुऊन, आदल्या दिवशीच तयार होऊन बसला. सिरसाळ्याच्या स्टँडवर जो भेटेल त्याला "आमी दोघं सुट्टीवर चाललो" म्हणून सांगत होता. मी पदराआड हसत होते, पण खरं सांगते, मलाही आतून गुदगुल्या होत होत्या.

तिथं पोचल्यावर पहिलाच गोंधळ झाला. दारातल्या खोलीत दीपमाला नावाची एक हसरी पोरगी बसली होती, पुण्याकडची. तिनं विचारलं, "काका, किती जण?" तुझे अण्णा छाती काढून म्हणाले, "एक कोयता!" पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाली, "काका, हत्यार आत नेता येणार नाही हो." तिच्याकडं कोयता म्हटलं की पोलीस आणि बातम्याच आठवत असणार, तिचा काय दोष? मग मी पुढं झाले आणि समजावलं, की बाई, आमच्याकडं ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो, आणि एकटा माणूस आला तर त्याला अर्धा कोयता म्हणतो. ती इतकी हसली, की तिनं आतून मालकांना, विजयसिंहांना, बोलावून पुन्हा तेच सांगायला लावलं. तेव्हापासून तिथं आम्हाला सगळे 'कोयता आला का, कोयता जेवला का' असंच विचारू लागले.

खोली खालीच मिळाली, पायऱ्या चढायला नकोत. मला वाटलं नशीब. बाहेर पडवी, पडवीत बाज, समोर ज्वारीचं रान आणि त्याच्या पलीकडं रस्ता. थोड्या वेळानं चहा आला तो चक्क गुळाचा, बिनदुधाचा, अगदी अण्णांना लागतो तसा, आणि मागितला नसताना. अण्णा एकदम रुबाबात मागं रेलले. "बघ, मानूस बघितल्यावर वळखतेत ह्ये लोक," म्हणाले. मी म्हटलं, ओळखलं असतं तर बाजेवर बसूच दिलं नसतं.

दुपारी हुरडा होता. शेणकुटांच्या आगटीत कणसं भाजून, हातावर चोळून, गरम गरम दाणे पुढं टाकत होते. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि कवडीचं दही. मी जन्मात पहिल्यांदा पोट भरल्यावरही हुरडा खाल्ला. मग विजयसिंहांनी पाहुण्यांना ऊस तोडायची गंमत दाखवायला वाफ्याजवळ नेलं. शहरातली मंडळी हातात कोयता घेऊन फोटो काढत होती. एका पाहुण्यानं अण्णांना कोयता पुढं केला आणि म्हणाला, "काका, एक हात दाखवा ना." मला वाटलं, आता हा माणूस टोपी मागं सरकवून अर्धा वाफा आडवा करणार. पण तुझ्या अण्णांनी हात मागं बांधले आणि म्हणाले, "न्हाई भाऊ, मी सुट्टीवर हाय. तुमी तोडा, मी खातो." आणि खरोखर बांधावर मांडी घालून बसले. त्या पाहुण्यानं घाम गाळून तोडलेलं कांडं दातानं सोलत मला म्हणाले, "जानके, दुसऱ्यानं तोडलेला ऊस लई गोड लागतोय." इतकी वर्षं ह्या माणसाबरोबर काढली, पण त्यांना काम सोडून असं ऐटीत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते फार देखणे वाटले, धनू. आईनं लेकीला असं लिहू नये, पण वाटले.

संध्याकाळी पडवीत बसलो होतो, तर रस्त्यानं ऊस भरलेला ट्रॅक्टर चालला. वरती मोळ्यांवर एक जोडपं बसलेलं, बाईच्या डोक्याला घट्ट फडकं. अण्णा बाजेवरून उठून उभे राहिले आणि ट्रॅक्टर दिसेनासा होईतो हात वर करून राहिले. त्या दोघांनीही हात केला. मग अण्णा टोपी नीट करून परत बाजेवर टेकले. मला मात्र ते साल आठवलं, जेव्हा माझी मान आखडली होती आणि डोक्यावर मोळी धरवत नव्हती. तुला तेव्हा आम्ही कळवलं नव्हतं. तोडायचं काम गड्यांचं, मोळ्या बांधून वाहायचं काम बायांचं, असाच फडातला रिवाज. तुझ्या अण्णांनी कोयता माझ्या हातात दिला आणि स्वतः वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पानांनी, मोळ्या बांधायला लागले, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत टाकायला लागले. टोळीतला रामहरी खदाखदा हसला. "कावून बे शहादेव, बायकोचं काम करतूस?" अण्णांनी मोळी खालीसुद्धा ठेवली नाही. "काम उसाचं हाय, बायकोचं न्हाई," म्हणाले आणि फळी चढले. तो सगळा हंगाम आम्ही तसाच काढला. मी काही त्यांचे आभार मानले नव्हते. नवऱ्याचे आभार मानायची आपल्याकडं पद्धतच कुठं आहे? त्या पडवीत मानले, तर म्हणतात, "आता कशाला उकरतीस?"

अंधार पडल्यावर गाण्यांचा कार्यक्रम झाला, आणि मग जोडप्यांचा खेळ. बायकोनं वेगळं बसायचं आणि मालकांनी नवऱ्याला विचारायचं, बायकोला काय आवडतं. कुणी म्हणालं आइस्क्रीम, कुणी म्हणालं शॉपिंग, सगळे हसत होते. विजयसिंहांनी माईक पुढं केला, "शहादेवकाका, काकूंना सगळ्यात काय आवडतं?" अण्णा टोपी काढून डोकं खाजवत राहिले. मी मनात म्हटलं, झालं, आता इज्जत जाणार. तर म्हणाले, "गरम भाकर आवडत आसंल. खात्रीनं सांगता येत न्हाई, कारण तिनं ती कधी खाल्लेलीच न्हाई. आमी समदे जेवलो की तिच्या वाट्याला निवलेली येती." लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी खाली मान घालून बसले. पण हा माणूस तेवढ्यावर थांबला नाही. स्वयंपाकघरात गेला, तिथं भाकऱ्या थापणाऱ्या भिवराबाईंच्या चुलीपुढं बसून राहिला आणि फुगलेली भाकरी हातावर नाचवत, फुंकर मारत, सगळ्या पंगतीतून माझ्यापर्यंत घेऊन आला. मी खाल्ली. वाफेनं जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी कशाचं हे मी कुणाला सांगितलं नाही. तुला सांगते, ते सुखाचं होतं.

आता जे सांगायचं राहिलं ते सांगते. जेवणं झाल्यावर दीपमाला एक केक घेऊन आली. त्यावर पांढऱ्या साईसारख्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'जीवन–धनश्री, लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा'. पोरगी बिचारी अवघडली होती. म्हणाली, "काकू, मी नावं बदलून घेणार होते. पण जीवन सरांचा फोन आला होता, ते म्हणाले, नावं राहू द्या." आणि मग ती एकेक सांगत गेली. त्याच फोनवर जीवनरावांनी सांगितलं होतं, सासूबाईंचे गुडघे दुखतात, खालचीच खोली द्या. सासऱ्यांना दुधाचा चहा चालत नाही, गुळाचा द्या. त्यांना काही मागायला संकोच वाटेल, तुम्हीच विचारत राहा. अण्णा माझ्याकडं बघायला लागले, मी त्यांच्याकडं. खोली तुम्ही दोघांनी लग्नाच्या वाढदिवसासाठी घेतली होती आणि दोघांनीही टाळली, तेव्हा रजा मिळाली नाही, हे तुझं कारण तिथंच गळून पडलं. तुझी मैत्रीण मनिषा हिच्या खोलीवर तू राहतेस, ते कोर्ट जवळ पडतं म्हणून, हे आम्ही खरं धरून चाललो होतो. तुझं बीडचं कोर्ट आणि जीवनरावांची कडा गावची शाळा, यावरून तुम्हा दोघांचं बिनसलंय, कोणी नोकरी सोडायची, कोणी बदली मागायची यावर घोडं अडलंय, एवढं घरी आल्यावर जीवनरावांना फोन केला तेव्हा आम्हालाही कळलं. कोण चुकलं हे मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

केक कापायला सुरी अण्णांच्या हातात दिली. अगं, आयुष्यभर ज्यानं उभे फड आडवे केले, त्या माणसाचा हात केकवर थांबला. सुरी कुठंही ठेवली तरी ती तुमच्या दोन नावांच्या मधून जात होती. शेवटी त्यांनी कडेकडेनं कापत सगळ्या पाहुण्यांना वाटला आणि मधला, दोन्ही नावांचा तुकडा अख्खा ठेवला. मी म्हटलं, अर्धा अर्धा करून दोघांना पाठवू या, एक बीडला, एक कड्याला. तर मला म्हणाले, "मी न्हाई कापनार. कापायचा तर त्येंचा त्येंनी कापावा." येताना एसटीत तो डबा स्वतःच्या मांडीवर धरून बसले. आता तो आपल्या बद्रीनाथच्या दुकानातल्या फ्रीजमध्ये, कुल्फ्यांच्या शेजारी ठेवलाय, आणि रोज सकाळी अण्णा तो बघून येतात. बद्रीनाथ वैतागलाय.

तर पत्र लिहायचं कारण असं. येत्या रविवारी मी जीवनरावांना जेवायला बोलावलंय आणि ते येतो म्हणालेत. तुला काही न सांगता बोलावून दोघांना एकदम समोरासमोर बसवावं, असं शेजारच्या चतुराबाई सुचवत होत्या. मला ते पटलं नाही. तू माझी शिकलेली, स्वतःच्या पायावर उभी असलेली लेक आहेस, तुला फसवून कुठं आणायची माझी इच्छा नाही. फोनवर विचारलं असतं तर तू लगेच 'नाही' म्हणाली असतीस. पत्राला लगेच 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून ही चार पानं बद्रीनाथच्या हाती देतेय, तो माल भरायला बीडला येतोच आहे. यायचं की नाही, ते तू ठरव. भाकऱ्या अण्णा थापणार आहेत, भिवराबाईंकडून शिकून आलेत. त्या नकाशासारख्या निघतात, तर हसू नकोस. जीवनरावांशी बोलणं झालं आणि जमलं तर माझ्यासारखी सुखी बाई नाही. नाही जमलं, आणि तू एकटीच ह्या घरी परत आलीस, तरी दार उघडं आहे आणि पहिली गरम भाकरी तुझी आहे. एकट्या माणसाला अर्धं मोजायची रीत मुकादमाची. मी तुझी आई आहे, मुकादम नाही.

तुझीच,
आई