पहिल्या पंगतीतली जागा

मॅडम, तुम्हाला मराठी येत नव्हतं, म्हणून मराठीतच लिहिते आहे. डिपेंडंट व्हिसावर घरात सडण्यापेक्षा बरं, म्हणून मी युनिव्हर्सिटीत नाव घातलं आणि तुमच्या तावडीत सापडले. झिंबाब्वेच्या स्वातंत्र्ययुद्धावरच्या माझ्या पहिल्याच निबंधात ‘स्त्रियांनीही हातभार लावला’ असं वाक्य होतं. तुम्ही ते वर्गात मोठ्यानं वाचलंत. म्हणालात, “मी बंदूक घेऊन जंगलात होते. हातभार तुझ्या सासूला लाव.” वर्ग खदखदून हसला. त्या दिवशी मला तुमचा जीव घ्यावासा वाटला होता.

मग गणपतीला तुम्हाला पिस्कॅटवेच्या आमच्या घरी जेवायला बोलावलं. म्हटलं, बघाच एकदा माझी सासू. बेसमेंटमध्ये चादरी अंथरल्या होत्या, पहिली पंगत पुरुषांची. तुम्ही सरळ मधोमध जाऊन बसलात. सासूबाई माझ्या कानाशी आल्या, “सांग ना गं त्यांना, आधी पुरुषांचं होऊ दे.” मी सांगितलं. तुम्ही हलला नाहीत. वरणभात कालवत, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं बोलू लागलात. युद्ध संपल्यावर विजयाच्या मेजवानीला तुम्ही गणवेशात गावी गेला होतात. गोळी लागलेल्या ज्या कमांडरला पाठीवर घालून तुम्ही नदीपार नेलं होतं, तोच म्हणाला, “बायका तिकडे, चुलीपाशी.” चुलीपाशी गेलात, तर तुमच्या आईनंच तुमच्या हातातला डाव काढून घेतला. जंगलात पुरुषांबरोबर राहिलेली बाई, तिच्या हातचं कोण खाणार? देश स्वतंत्र झाल्याची मेजवानी, आणि तुम्ही उपाशी. नवऱ्याचा एक मित्र मठ्ठ्याचा भुरका मारून म्हणाला, “यार, याच्यावर तर मूव्ही बनेल.” सगळे हसले. तुम्ही आणखी भात मागून घेतलात.

ही गोष्ट मी माझ्या मुलीला लहानपणापासून सांगत आले. मोठा अभिमान होता मला त्या गोष्टीचा. यंदा गणपतीला लेक पहिल्या पंगतीत बसली, तुमच्याच जागी. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“ऊठ गं,” मी म्हणाले, “काका लोक खोळंबलेत.”

“सीरियसली, आई? यू टोल्ड मी दॅट स्टोरी!”

“गोष्ट वेगळी, घर वेगळं.”

ती उठली. तणतणत वाढायला आली, आमटीचा डाव उचलला. तिचा उतरलेला चेहरा पाहून सासूबाईंनी विचारलं, “बरं नाही का गं?” इथं वाढलेली पोर, खोटं कशाला बोलेल? “पिरियड आहे, आजी.”

सासूबाईंना एक शब्दही बोलावा लागला नाही. डाव मीच तिच्या हातातून काढून घेतला.

दुसरी पंगत उठल्यावर तिचं ताट घेऊन वर गेले. तिच्या खोलीचं दार आतून बंद होतं. “गो अवे.” जिन्यावर बसून राहिले. हे तुम्हाला कळवण्यासारखं नाही, तुम्ही जिवंत असतात तरी कळवलं नसतं. त्या जिन्यावर तुमची आठवण आली असं लिहिणार होते, पण नव्हती आली. भूक लागली होती. तिच्या ताटातले दोन्ही मोदक मी खाल्ले.