उसनी खुशाली

प्रिय चिमणे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस. तुझा पत्ता मी तुझ्या मैत्रिणीशी भांडून मिळवलाय, तिला बोल लावू नकोस. पत्रात ‘आम्ही मजेत आहोत’ लिहायची पद्धत आहे, पण आम्ही मजेत नाही. तुझे बाबा अंथरुणाला खिळलेत. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. म्हणजे काय, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ऑफिस तेच. घराघरांतून, कारखान्यांतून गोळा केलेली माहिती येते आणि मी तिच्यातल्या चुका धरत बसते. आई सव्वीस वर्षांची आणि मुलगा तीसचा, असं काही आलं की मशीन अडतं. हल्ली साहेबांचं एकच पालुपद, बारीकसारीक चुकांमागे धावू नका, एका घरानं देशाचा आकडा हलत नाही. मोठ्या कारखान्याचा आकडा विचित्र दिसला तर आम्ही फोन करतो. साध्या घरानं उत्तरच दिलं नाही, तर त्याच्यासारख्या दुसऱ्या घराचं उत्तर उसनं घेऊन जागा भरतो. बेरीज छान जुळते. फक्त एकदा जागा भरली की त्या दारावर परत कोणी विचारायला जात नाही.

तू गेलीस, नंबर बदललास. बाबा आधी तुझा विषयही काढू देत नव्हते, त्यांचा ताठा तुला माहीतच आहे. आजारी पडल्यापासून मात्र रोज संध्याकाळी विचारायचे, तिचं काही कळलं का? काय सांगणार होते मी, कप्पाळ? माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंची मुलगी तुझ्याच वयाची, तुझ्यासारखीच लांब एकटी राहणारी. तिची खुशाली मी तुझी म्हणून सांगत गेले. तुला बढती मिळाली. नळ गळतो म्हणून तू घरमालकाशी भांडलीस. एक लंगडं मांजर पाळलंस. ऐकून बाबा दोन घास जास्त जेवायचे, मग मी कशाला थांबतेय?

गेल्या रविवारी त्या बाई बाबांना भेटायला आल्या आणि उशाशी बसून लेकीचं कौतुक सांगू लागल्या. बढती, नळ, मांजर, सगळं ओळीनं. चहाचं निमित्त काढून मी त्यांना उठवू पाहिलं, पण त्या हलेनात. त्या गेल्यावर बाबा म्हणाले, “मला मांजराच्या दिवशीच कळलं. मांजर जवळ आलं की तिला शिंका येतात. तू आई ना तिची?” दिवसभर लोकांच्या चुका धरणारी मी, आणि एवढं मला सुचू नये! मी ढसाढसा रडले गं. कळलं होतं तर रोज विचारत का होता, असं म्हटलं, तर म्हणाले, ऐकायला बरं वाटायचं. मग म्हणाले, “आता पुरे. तिलाच विचार. म्हणावं, दार मी लावून घेतलं होतं.”

म्हणून लिहितेय. त्या दिवसापासून ते काहीच विचारत नाहीत, नुसते दाराकडे तोंड करून पडून असतात. जेवण जवळजवळ सुटलंय, आणि आता खोटं बोलायचीही सोय उरली नाही. खाली माझा नंबर लिहिलाय. यावंसं वाटत नसेल तर येऊ नकोस, पण फोन कर. मी तो त्यांच्या कानाशी धरीन. भांड, वाट्टेल ते बोल. काही बोलवलं नाही तर नुसती शिंक. ते ओळखतील.

तुझीच,
आई