प्रज्ञेशदादाची चाचणी

प्रिय प्रज्ञेशदादा,

सप्रेम जय भीम. काल इथे सुरतेत, पांडेसऱ्याला तुझ्या आईकडे गेले होते. मावशींनी ओट्यावरच भाकरी-ठेचा वाढला आणि लंडनात तू काय खातोस, हे पुन्हा विचारलं. चांगलं खातो, असं मी दिलं ठोकून.

सुट्टीत आलास की त्याच ओट्यावर बसून तू मला शिकवायचास, एरवी फोनवर. एआय माणसाशी प्रामाणिक राहतो की नाही, हे तपासायला नवी माणसं तयार करायचा तो कार्यक्रम निघाला, तेव्हा सुरतेच्या साध्या कॉलेजातल्या मला कोण विचारणार होतं! तू निवडलंस. बाकीच्यांना त्यांच्या मार्गदर्शकांनी संशोधनासाठी तयार प्रश्न दिले. तू म्हणालास, प्रश्न तूच शोध. बाई गं, किती रडले मी! शोधून आणला की निम्मा तू फाडायचास, उरलेला मलाच फाडायला लावायचास. मनातल्या मनात तुला शिव्या घालायचे. मग सुट्टीत आलास की डुमसच्या समुद्रावर नेऊन भजी खाऊ घालायचास, राग कुठला टिकतोय! फार आठवतात रे ते दिवस. माझं म्हणणं इतकं नीट कुणी ऐकून घेतलं नव्हतं, घरातसुद्धा.

आता मीच मार्गदर्शक झालेय, हसू नकोस. योगिता नावाची जळगावची पोरगी माझ्या हाताखाली आलीय, माझ्याहून हट्टी. सगळ्या नव्यांचा पहिला धडा म्हणजे तुझी ती चाचणी, खोटं बोलणारा एआय पकडणारी. योगिताला दाखवायला म्हणून मी ती नव्याने चालवून पाहिली, आणि तेव्हापासून घास गोड लागत नाही.

दादा, तुझी चाचणी चुकतेय. प्रश्नांच्या धाटणीवरूनच एआयला कळतं की परीक्षा चालू आहे, आणि तो तेवढ्यापुरता सरळ वागतो. तेच साध्या गप्पांच्या ओघात विचारलं, की खुशाल खोटं बोलतो. उलटंसुलटं करून पाहिलं, तेच निघतं. नवी सगळी पोरं हीच पद्धत शिकून उद्या मोठ्या कंपन्यांत जाणार, म्हणून गप्प बसवत नाही. कार्यक्रमाच्या पुढच्या महिन्याच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. या चाचणीवर तुझं नाव झालंय, हे मला ठाऊक नाही का? फोनवर सांगायला जीभ रेटेना. तुझ्याआधी कुणाला दाखवलेलं नाही, योगितालाही नाही. सगळं सोबत पाठवतेय. दयामाया न दाखवता तपास, आणि चूक माझी निघाली तर लगेच कळव. आयुष्यात पहिल्यांदाच वाटतंय रे, आपलंच चुकलेलं निघावं.

तुझीच,
विशाखा